झारेकऱ्याच्या घरातला केर

झारेकऱ्याच्या घरातला केर कधी बाहेर जात नाही. तुमच्या-आमच्या घरात सकाळी झाडलोट झाली की सुपली भरून उकिरड्यावर, संपलं. पण कोल्हापुरात गुजरीच्या सोनारबाजारामागच्या बोळात फक्रुद्दीन झारेकऱ्याच्या घरी कुणी असं केलं असतं तर म्हातारा काठी घेऊन मागं धावला असता. कारण त्या केरात चांदी असते. सोनाराच्या दुकानातली माती, शेगडीची राख, दुकानापुढच्या गटारातला गाळ, सगळं हे लोक विकत घ्यायचे. पोत्यानं घरी आणायचे, चाळायचे, पाण्यात घोळायचे आणि उरलेलं शिशाबरोबर भट्टीत घालायचे. शिसं चांदीला धरून खाली बसतं. मग भाता मारत राहायचं, मारत राहायचं. शिसं उडून जातं आणि राखेच्या वाटीत चांदीचा गोळा तेवढा चमकत राहतो. उडून जातं म्हणे! कुठं जातं, ते त्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्या घरात शमशाद सून म्हणून आली ती कोयनेच्या भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात. माहेर आजऱ्याचं, बाप बाजारात बांगड्या भरायचा. पोरगी उंच, खणखणीत आवाजाची आणि कामाला अशी की नाव ठेवायला जागा नाही. घरात आपसात मुसलमानी बोली चालायची, पण उंबरा ओलांडला की साऱ्या बोळाची एकच रांगडी कोल्हापुरी, तेव्हा आपणही त्यांचं बोलणं त्याच बोलीत ऐकू. नवरा दिलदार, म्हाताऱ्याचा एकुलता एक. गप्प माणूस. भात्यापाशी बसला की बसला. सासू मेहरुन्निसा. तिनं पहिल्याच आठवड्यात सुनेला घरची रीत शिकवली.

"हे बघ पोरी, दिलदार भट्टीवरनं उठला की त्याला तसाच घरात फिरू द्यायचा न्हाय. हितं दारात ही जुनी चादर हांतरायची, तिच्यावर त्याला उभा करायचा आन् अंगावरची कापडं हातानं झाडायची. वरनं खाली. काजं-गुंड्यासुदिक सोडायच्या न्हाईत. पडंल ते ह्या डब्यात. मग कापडं घमेल्यात भिजवायची, पाणी निवळलं की तळाचा गाळ त्योबी डब्यात."

शमशादला आधी हसूच आलं. पण पुढं कधीतरी त्या डब्यातली माती भट्टीत गेली आणि खरोखरच जोंधळ्याएवढा चांदीचा मणी निघाला, तेव्हा सासऱ्यानं तो तिच्याच तळहातावर ठेवला. "आमच्या सुनंच्या हाताला बरकत हाय," असं तो येईल त्या पावण्याला सांगायला लागला. सासऱ्यानं चारचौघांत नावाजावं, याहून नव्या सुनेला आणखी काय पाहिजे असतं? ती जीव तोडून झाडायला लागली.

भट्टी मागच्या पडवीत होती. पेटली की पांढुरका धूर घरभर फिरायचा आणि मग कुठं गेला ते कळायचंही नाही. पाण्याच्या घागरीवर, उशांवर, पुसलेल्या ताटलीवर पीठ पेरल्यासारखा थर बसायचा. तोंडाला सदा गुळचट चव. म्हाताऱ्याला अधनंमधनं पोटात अशी कळ यायची की गुडघे छातीशी घेऊन तो जमिनीवर गडाबडा लोळायचा. घराण्याचा पोटशूळ, म्हणायचे सगळे, जसं काय शेतजमिनीसारखा तोही वाडवडलांकडनं वाट्याला आलेला!

शमशादचं पहिलं पोर पोटातच गेलं. दुसरंही गेलं, आणि ते तर चांगलं भरत आलेलं. त्या वेळी तिला वाटलं, आता सासू टोमणे मारणार, दिलदारला दुसरी बायको बघणार. पण मेहरुन्निसा नुसती तिच्या उशाशी बसून राहिली, तोंडातून चकार शब्द काढला नाही. शमशादला त्या गप्प बसण्याचं तेव्हा नवल वाटलं होतं.

मग दुष्काळाच्या वर्षी नजीरा झाली. जगली. शमशादला खरंच वाटेना. पोर झोपलं की ती नाकापुढं बोट धरून श्वास बघायची. आणि पोर तरी कसलं! वर्षाच्या आत चालायला लागलं, दोन वर्षांचं व्हायच्या आधी बोलायला. बोळातल्या म्हशीशी बोलायचं, मांजराशी भांडायचं, आजोबाला "ए फक्रू" म्हणून हाक मारायचं, आणि तो कडक म्हातारा लोण्यासारखा विरघळायचा. संध्याकाळी आई बापाचे कपडे झाडायला लागली की ही चादरीवर बापाच्या पायाशी जाऊन बसणार. वरनं धूळ पडायची, ही दोन्ही हात वर करून खिदळायची. दिलदार दिवसभरात हसायचा तो तेवढाच.

तिसरं वर्ष सरत आलं आणि नजीरा खेळता खेळता मध्येच खाली बसायला लागली. पोट धरून रडायची. रंग उतरला, ओठ पांढरे पडले. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली, ताईत झाला. मग तिचं बोलणं कमी झालं. रोजचे शब्द एकेक करून गळून गेले. आधी म्हैस गेली, मग मांजर गेलं, "ए फक्रू" गेलं. शेवटी पाणी पाहिजे असलं तरी ती नुसती आईचा पदर ओढायची. आपलं बोलकं पोर आपल्या डोळ्यांपुढं मुकं होत चाललंय आणि आपण नुसतं बघत बसलोय, ह्या विचारानं शमशाद वेडीपिशी व्हायची.

पहिल्यांदा तोंडावर बोलली ती शेजारची तानूबाई. तिच्या कोंबड्या मान टाकून मरत होत्या. एक दिवस मेलेली तलंग पायाला धरून ती दारातच आली.

"शमशाद, ह्यो तुमचा धूर! माझ्या कोंबड्या गिळल्या, आता पोरीला गिळाय लागलाय. डोळं उघड की गं जरा."

"तुझ्या कोंबड्यांस्नी मानमोडी झाली आसंल," शमशाद उसळली. "माझ्या पोरीचं नाव काढू नगंस!"

झालं, चांगलं कडाक्याचं भांडण झालं, साऱ्या बोळानं ऐकलं. पण तानूबाई गेल्यावर शमशाद चुलीपुढं बसली आणि चूल पेटवायचीच विसरली. कारण हे आपल्याही मनात कधीचं आहे, हे तिला त्याच वेळी कळलं.

पुढच्याच आठवड्यात नजीराला झटका आला. डोळे वर, दातखीळ, अंग लाकडासारखं ताठ. दिलदारनं तिला उचललं आणि तसाच अनवाणी सरकारी दवाखान्याकडं पळत सुटला, मागनं शमशाद. तिथली डॉक्टरीण वयानं शमशादएवढीच असेल. तिनं पोरीला सुई टोचली, अंग सैल पडल्यावर ओठ वर करून हिरड्या बघितल्या. मग म्हणाली, "बाई, तुम्ही तोंड उघडा." शमशादनं उघडलं. हिरडीच्या कडेला दातांलगत निळसर काळी रेघ. मग तिनं दिलदारला हात पुढं करायला सांगितले. त्यानं केले, तर दोन्ही पंजे मनगटातून खाली लोंबले.

"हे कधीपासून?"

"हाय की थोडंफार," दिलदार पुटपुटला. "भाता मारून मारून झालंय."

"काम काय करता तुम्ही?"

त्यानं सांगितलं. बाई खुर्चीत मागं टेकून बसली. मग तिनं पोरीचं रक्त काचेवर घेऊन तपासायला नेलं आणि परत आली ती तोंड उतरवूनच.

"शिसं उडून जात नाही हो. त्याची इतकी बारीक धूळ होते की डोळ्यांना दिसत नाही. ती श्वासातून आत जाते, भांड्यांवर बसते, हाताला लागते, तोंडात जाते. मोठ्या माणसाला ती हळूहळू पोखरते. लहान पोराच्या थेट मेंदूवर चढते. पोटातल्या पोरालासुद्धा सोडत नाही. ह्या मुलीला त्या घरात परत नेऊ नका. नेलीत तर हातची जाईल."

पोटातल्या पोरालासुद्धा! शमशादला दोन्ही गेलेली पोरं आठवली.

घरी गेल्यावर म्हाताऱ्यानं आकाशपाताळ एक केलं. "काल शिकून आलेली पोरगी मला शिशाचं सांगती व्हय? माझा बा ह्याच धुरात पिकून मेला! आज्जा मेला! आमाला काय झालंय?"

आणि मग ती गोष्ट घडली जी त्या घरात कधी घडली नव्हती. मेहरुन्निसा नवऱ्याला उलटून बोलली.

"काय झालंय म्हून इचारता? सात पोरं झाली मला. त्यातला एक दिलदार ऱ्हायला. बाकीच्यांस्नी कुठं कुठं पुरलंय ते मला इचारा, मी डोळं झाकून दावते. आजवर नशीब म्हून गप बसले. शमशाद, ऊठ. पोरीला घिऊन आजऱ्याला जा."

शमशाद गेली. आणि खरंच सांगायचं तर त्या दिवसांची आठवण आली की पुढं आयुष्यभर तिच्या डोळ्याला धार लागायची. सुखाचे दिवस होते हो ते! शेतात भाताची कापणी चाललेली, हवा अशी की छाती भरून घ्यावी. बापाच्या अंगणात नजीरा आधी नुसती पडून असायची. मग बसायला लागली, मग भिंत धरून चालायला. आणि एक दिवस बांगड्यांच्या पेटीपाशी जाऊन स्वच्छ म्हणाली, "हिरवी." शमशाद हातातलं पीठ तसंच टाकून धावली, पोरीला छातीशी धरून हसली, रडली, शेजारपाजार गोळा केला. मग रोज एखाददुसरा शब्द परत यायला लागला. सगळे नव्हे, पण येत होते.

उन्हाळ्याच्या तोंडाला दिलदार न्यायला आला. धुतलेला सदरा, केस चोपून बसवलेले. त्याच्यापुढं उभी राहून नजीरा म्हणाली, "अब्बा." तो तिच्यापुढं उकिडवा बसला.

"भट्टी हलीवली," तो शमशादला म्हणाला. "नदीकडं, वीटभट्ट्यांच्या अंगाला जागा घेतली. घरातली जमीन उकरून नवी केली, भिंतींना चुना दिला. पोतीबितीबी समदी तिकडंच. अब्बा लई चिडलं, पर म्हातारीनं ऐकलं न्हाय. आता घरात धूर न्हाय, शमशाद."

तिनं खोदून खोदून विचारलं. पडवीत काय आहे? माळ्यावर काय आहे? कोल्हापुरात उतरल्यावर घरी जायच्या आधी ती पोरीला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीण पोरीला बोलताना बघून हरखून गेली. भट्टी गावाबाहेर नेली म्हटल्यावर, "मग राहू द्या घरी, पण जपून," म्हणाली. आणखी काय करायचं असतं आईनं? सांगा तुम्हीच!

घर खरंच आरशासारखं झालं होतं. पण म्हातारा पडवीच्या रिकाम्या कोपऱ्याकडं तोंड करून बसायचा. बापजाद्यांची भट्टी सुनेपायी घराबाहेर गेली, हे त्याला लागलं होतं. शमशादशी बोलणं त्यानं टाकलं होतं. तिलाही वाईट वाटायचं. म्हाताऱ्यानं एवढं सोडलं, आपण त्याचं मन राखायला नको? मग दिलदार संध्याकाळी भट्टीवरनं आला की ती दारात चादर अंथरायची आणि पहिल्यापेक्षा दुप्पट मन लावून त्याचे कपडे झाडायची. काजं-गुंड्यासुद्धा सोडायची नाही. डबा भरत आला की सासऱ्यापुढं नेऊन ठेवायची. म्हातारा डब्यात बघायचा, हुंकार द्यायचा. एकदा तर, "बरकत हाय," असंही पुटपुटला, तेव्हा तिला धन्य वाटलं. नजीरा बापाच्या पायाशी चादरीवर बसलेली असायचीच. तीही आता आईसारखे आपले चिमुकले हात बापाच्या पायजम्यावर आपटायची आणि मग तीच बोटं तोंडात घालायची.

ना सासूच्या ध्यानात आलं, ना दिलदारच्या. धूर वाईट, हे सगळ्यांना कळलं होतं. कपडे झाडणं म्हणजे तर साफसफाई. त्यात वाईट काय असणार?

पावसाळ्याआधीच नजीराचं पोट पुन्हा दुखायला लागलं. शमशादनं मनाला समजावलं, आंबा बाधला असेल. मग बोलणं अडखळलं. मग एका दुपारी झटका आला आणि तो थांबेचना. दवाखान्यात नेईपर्यंत एक, नेल्यावर दुसरा. पोरगी शुद्धीवर येईना. डॉक्टरीणबाईनं मुंबईला माणूस पाठवून कसलीशी इंजेक्शनं मागवली. ती येईपर्यंत शमशाद खाटेचा लोखंडी दांडा धरून उभी होती. अल्लाला म्हणत होती, हिची भाषा ने, हिचे पाय ने, हिला लुळीपांगळी कर, पण माझ्याजवळ ठेव. असलं मागणं कुठली आई मागते? तिनं मागितलं.

इंजेक्शनं आली. नजीराचा जीव राहिला. पण डोळे उघडल्यावर ती आईकडं बघत होती ते भिंतीकडं बघावं तसं.

"मला समजत नाही," डॉक्टरीण कपाळाला हात लावून म्हणाली. "भट्टी घरात नाही, पोती नाहीत, जमीन नवी. मग हे आलं कुठून?" तिनं दिलदारकडं बघितलं. "तुम्ही भट्टीवरून घरी ह्याच कपड्यांत येता?"

"व्हय."

"कपडे कोण धुतं?"

"मी," शमशाद म्हणाली. "मीच धुते. आदी चांगलं झाडून घेते, मग धुते."

"झाडता? कुठं?"

"दारात. चादरीवर." बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला. "केर वाया जाऊ नये म्हून."

"आणि मुलगी?"

शमशादनं आपले दोन्ही हात वर धरले, उलटे केले, सुलटे केले. मग ते भिंतीवर आपटायला लागली. बांगड्या फुटल्या, मनगटं रक्तानं भरली, दिलदारला तिला आवरता येईना. डॉक्टरीणबाईनंच तिला मिठीत धरलं. "तुमचा दोष नाही हो, मीसुद्धा विचारलं नव्हतं, माझ्याही डोक्यात आलं नाही," असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. पण शमशादच्या कानात ते शिरत नव्हतं. पोरीला वाचवायला तिनं सारं घर उकरायला लावलं होतं, आणि विष मात्र ती स्वतःच रोज संध्याकाळी पोरीच्या डोक्यावर झाडत होती.

नजीराला दवाखान्यातनं सोडलं तेव्हा डॉक्टरीण एवढंच म्हणाली, "जगेल. पहिल्यासारखी होईल असं मी सांगत नाही. पण आता आणखी कणभरही नको."

शमशादनं त्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडला नाही. मेहरुन्निसानं तिचं गाठोडं स्टँडवर आणून दिलं, तेसुद्धा सगळे कपडे नदीत तीन-तीनदा धुऊन. आल्या पावली ती परत गेली, नातीला जवळ घेण्याचं धाडस तिला झालं नाही. दिलदारनं धंदा सोडावा म्हणून शमशाद आधी भांडली होती, पाया पडली होती. त्यानं आपले लोंबते पंजे पुढं केले होते. "ह्या हातानं दुसरं कोण काम देईल मला? मातीतली चांदी तेवढी वळखाय येती. आन् अब्बास्नी आता उठाय-बसाय येत न्हाय. तू जा. पोरीला ने."

आजऱ्याची गाडी लागली. शमशाद खिडकीशी बसली, मांडीवर नजीरा. शुद्धीवर आल्यापासनं पोर कुणाला ओळखत नव्हतं. गाडी सुटायच्या बेतात दिलदार गर्दीतनं पळत आला. भट्टीवरनं थेट आला होता, कपडे बदलायला गेला असता तर गाडी चुकली असती. खिडकीपासनं चार हात लांब तो आपण होऊन थांबला. अंगावर तीच पांढुरकी धूळ.

"एकदा हात लावू दे," तो म्हणाला. "नुसता पायाला लावतो."

"न्हाय," शमशाद म्हणाली. "लांबच ऱ्हावा. तुमच्या पाया पडते."

तो मागं सरला. आणि त्याच वेळी नजीराची मान वळली. आईला न ओळखणारं ते पोर बापाकडं टक लावून बघायला लागलं. पोराचा चेहरा हलला, तोंडातून कसलासा आवाज निघाला आणि त्यानं दोन्ही हात खिडकीबाहेर, बापाकडं पसरले. घे म्हणून.

दिलदार जागचा हलला नाही. दोन्ही हात पाठीमागं बांधून तो रडत उभा राहिला.

शमशादनं पोरीचे हात धरून आत ओढले. पोर किंचाळलं, हिसडे द्यायला लागलं, हात सोडवून पुन्हा बाहेर काढायला बघू लागलं. शमशादनं ते आपल्या पोटाशी घट्ट दाबून धरले आणि गाडी स्टँडच्या बाहेर पडेपर्यंत सोडले नाहीत.